कॅलगरीला पोचायला लागणारा वेळ

शनिवारी सकाळी सुहासचा फोन आला तेव्हा मी आईच्या गोळ्या डबीत भरत होते. सुहास म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, मंजूचा नवरा. ती दोघं आणि त्यांची मुलगी ईरा कॅनडात कॅलगरीला राहतात... 'राहतात' असंच अजून लिहिलं जातं. आमची सकाळ म्हणजे त्यांची आदली संध्याकाळ, आणि सुहास स्वतः होऊन कधी फोन करत नाही, ते खातं मंजूकडे. "ताई, मंजू गेली," एवढंच तो म्हणाला. मग बाकीचं सांगितलं. दुपारी कामावर डोकं दुखतंय म्हणून खाली बसली, तिथूनच हॉस्पिटलमध्ये नेलं, मेंदूत रक्तस्राव झाला होता, संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. मी ऐकून घेतलं. त्यानंतर मी जे विचारलं ते आमच्या ठाण्याच्या कोपरीत कुणीही विचारलं असतं. "कधी नेणार?" तो म्हणाला, अजून काही ठरलेलं नाही.

वागळे इस्टेटला एका औषध कंपनीत मी डिस्पॅच सांभाळते. कुठला माल कधी निघाला आणि कुठे कधी पोचेल हे सांगणं हेच माझं काम, त्यामुळे असले हिशोब डोक्यात आपोआप सुरू होतात. मुंबईहून कॅलगरीला सरळ विमान नाही. लंडनला बदलावं लागतं. लंडनपर्यंत नऊ-दहा तास, तिथे थांबायचं, मग पुन्हा जवळजवळ तेवढेच तास. त्यात तिकीट मिळवणं, ठाण्याहून विमानतळ गाठणं, तिथे उतरून घरी पोचणं, हे धरलं तर दीड-दोन दिवस. एवढा वेळ कुणाला ठेवत नाहीत. आमच्या सोसायटीत कुणी गेलं की शववाहिनीला फोन करायचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडे आहे. सकाळी गेलेलं माणूस दुपारच्या आत पोचवून, आंघोळी करून लोक चहाला बसलेले असतात. तेव्हा मी सुहासला म्हटलं, "माझ्यासाठी थांबू नका." तो म्हणाला, "बरं, ताई."

हे वाक्य माझं नव्हतं, मंजूचं होतं. बाबा गेले तेव्हा भर मे महिना होता आणि मंजूला कॅलगरीला जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी फोन केला तर तिने रडण्याच्याही आधी हेच सांगितलं की माझ्यासाठी थांबू नका, बाबांना उन्हात ठेवू नका. लांब राहणाऱ्याने हे म्हणायचं असतं, आणि इकडच्यांनी "बरं" म्हणायचं असतं. आमच्या ओळखीतल्या कितीतरी घरांत हे असंच झालेलं आहे. तिसऱ्या दिवशी ती आली, बॅग दारात ठेवून आधी मला बाल्कनीत घेऊन गेली आणि म्हणाली, आता पहिल्यापासून सगळं सांग. बाबांना आंघोळ कुणी घातली, पुढे कोण होतं, मागे कोण होतं, डोळ्यांवरचा चष्मा कधी काढला. मी एखादा रिपोर्ट द्यावा तसं क्रमाने सांगत गेले. तिने मध्ये एकदाच थांबवलं, चष्म्यापाशी. मग आत जाऊन वरणभात जेवली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपली. त्या वेळी फोनवर ती "थांबू नका" म्हणाली तेव्हा सुहास तिच्या शेजारीच उभा होता. तेच वाक्य आता माझ्याकडून ऐकल्यावर त्याने वाद घातला नाही, यात नवल काही नाही.

आईला सांगायचं काम मीच केलं. आई माझ्याकडेच असते, ऐंशीच्या पुढे आहे, ऐकू कमी येतं पण समजतं सगळं. ती पलंगाच्या कडेला बसली आणि एवढंच बोलली की शेवटची साडी माहेरून जायला हवी होती. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईला शेवटची साडी माहेरची नेसवतात, ही आमच्याकडची पद्धत. मी म्हटलं, आई, ते आता होऊनही गेलं असेल. लग्न झालेल्या मुलीचं माहेरी तीन दिवस सुतक. शनिवार, रविवार, सोमवार आम्ही पाळले. देवांना हात लावला नाही, फोडणी दिली नाही, डोंबिवलीहून आत्या आणि मावसभाऊ पिठलंभात घेऊन आले. आले की बसायचे, मंजूच्या लहानपणाबद्दल बोलायचे, "शेवटी भेट नाही झाली हो" असं म्हणून निघायचे. मीही त्यांना दारापर्यंत सोडायला जात होते आणि लिफ्टचं बटण दाबून देत होते. मंगळवारी सकाळी सगळ्यांनी डोक्यावरून आंघोळी केल्या, आईने देवापुढे दिवा लावला आणि सुतक सुटलं. बुधवारी मी कामावर गेले. ऑफिसमध्ये माझ्या टेबलावर नागपूरचा अडकलेला ट्रक वाट बघत होता, तो मी सोडवला. मला काहीही वाटत नव्हतं. जीभ भाजल्यावर दोन दिवस कशालाच चव लागत नाही, तसं ते होतं.

मंजूबद्दल लोक जे बोलत होते ते बरोबरच होतं. ती हसरी होती, तिचा हात सढळ होता, कुणाच्याही पोराला कडेवर घ्यायची. कॅलगरीलाही ती लहान मुलांच्या पाळणाघरातच काम करायची. पण मला आठवत होता तो तिचा उशीर. जगात इतक्या शांतपणे उशीर करणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही. शाळेची घंटा स्टेशनजवळच्या आमच्या घरात ऐकू यायची, आणि ती ऐकू आल्यावर मंजू वेणीला रिबन बांधायला घ्यायची. मी दारात दोन दप्तरं घेऊन उभी. तिच्या लग्नात मुहूर्ताची वेळ झाली, मामा अंतरपाटापाशी येऊन उभा राहिला, आणि ही आत निऱ्या मोडून पुन्हा घालतेय, कारण पहिल्या वेळी एक निरी लहान आली होती. कल्याणहून आलेले सुहासकडचे लोक घड्याळं बघत होते. मी आत जाऊन तिला ओरडले तर ती आरशातूनच म्हणाली, "ताई, तुझं लग्न असतं तर तू गुरुजींच्या आधी येऊन सतरंज्या घातल्या असत्यास." खोलीतल्या बायका हसल्या आणि मी निऱ्या धरायला खाली बसले. आमची उंची सारखी, बांधा सारखा, चपलेचा नंबरही सारखा. मागून बघणाऱ्याची फसगत व्हायची, चालायला लागलो की मात्र लगेच कळायचं कोण कोण ते.

ती तिकडे गेल्यावर सुरुवातीला मला वेळेचा फार घोळ व्हायचा. तिनेच एकदा सोपं करून दिलं. हिवाळ्यात घड्याळ बघूच नकोस म्हणाली, तुझे सकाळचे साडेसात म्हणजे माझे संध्याकाळचे सात, अर्धा तास फक्त खिशात टाक. ईराच्या शाळेसाठी त्यांनी पृथ्वीचा गोल आणला होता. त्यावर मुंबईपासून कॅलगरीपर्यंत दोरा ताणून बघितला तर तो युरोपवरून नाही गेला, सरळ वर चढून उत्तर ध्रुवाजवळून पलीकडे उतरला. बारा हजार किलोमीटर. हे सांगायला तिने मला ऑफिसमध्ये फोन केला होता. "आपण एकाच रेषेवर आहोत, ताई. तू पुढून, मी मागून." मी विचारलं, मग असं सरळ विमान का नाही? "सगळे तुझ्यासारखे सरळ नाकासमोर जात नाहीत," ती म्हणाली. मी हातातलं काम संपवायचं म्हणून फोन ठेवला होता. एकदाच मी त्यांच्याकडे जाऊन आले, ईरा प्राथमिक शाळेत असताना. त्या वेळी मिळालेला व्हिसा दहा वर्षांचा होता. परत कशाला एवढ्या लांब, असं म्हणत मी तो कपाटात ठेवून दिला होता.

गुरुवारी सकाळी आईने चहाच्या वेळी पुन्हा विचारलं, मंजूला कुठली साडी नेसवली होती ते कळलं का गं? मला राग आला नाही. आईला तिथे जाता आलं नव्हतं, तिला निदान ऐकायचं होतं. सुहासला असलं काही विचारण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी ईराला मेसेज टाकला. ती आता सतरा वर्षांची आहे, मराठी नीट बोलते पण लिहिताना इंग्रजी अक्षरं वापरते. तिचं उत्तर लगेच आलं. अजून नाही नेसवली, मावशी. फ्युनरल शनिवारी आहे. मीच तुला विचारणार होते, कुठली नेसवू?

मी ते दोनदा वाचलं आणि तिला फोन लावला. तिने जे सांगितलं ते तिच्या दृष्टीने अगदी साधं होतं. तिकडे असंच असतं. कागदपत्रं होतात, हॉल मिळावा लागतो, लोकांना सुटी बघून येता यावं म्हणून शनिवार धरतात, तोवर आठ-दहा दिवस जातातच. तोपर्यंत ते नीट ठेवतात. "तू येणार नाहीस असं बाबा म्हणाला. तू त्याला थांबू नका म्हणालीस ना?" मी हो म्हटलं. मग सुहास फोनवर आला. "ताई, मला वाटलं आईंना सोडून तुम्हाला निघता येणार नाही. आणखी आग्रह कुठे करायचा..." त्याचा जन्म कल्याणचा, पण इतकी वर्षं तिकडे काढल्यावर तिथली रीत मला ठाऊक नसेल हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. आणि इथली रीत सगळीकडे नसते हे माझ्या मनात आलं नव्हतं. आम्ही तीन दिवस सुतक पाळलं, आंघोळी केल्या, घर धुऊन पुसून घेतलं. आणि मंजूला अजून कुणी हलवलंही नव्हतं. यावर माणसाने काय करायचं असतं ते मला माहीत नाही. मी गॅस बंद केला.

आईला सांगावं की न सांगावं, यावर माझे यजमान सुधीर न सांगण्याच्या बाजूचे होते. एकदा झालंय ते पुन्हा कशाला उकरायचं, आईंना ते झेपणार नाही असं त्यांचं म्हणणं. मी आत जाऊन तिच्या बऱ्या कानाशी बसले आणि सांगितलं, "आई, मंजूला अजून नेलेलं नाही. परवा नेणार आहेत." तिने माझ्याकडे बघितलं. कळलं नाही असं वाटून मी पुन्हा सांगणार होते.

"मग तू इथे काय करतेस?" आई म्हणाली.

एवढं बोलून ती उठली, कपाटाशी गेली आणि खालच्या कप्प्यातून एक पिशवी काढली. मंजू आदल्या जानेवारीत आली होती तेव्हा निघायच्या जेमतेम दोन दिवस आधी तिने एक पोपटी साडी घेतली होती, जांभळ्या काठाची, आणि फॉल-पिकोला टाकली होती. दोन दिवसांत कोण करून देणार? ती विमानात बसली, साडी इथेच राहिली. पुढच्या वेळी नेईन म्हणाली होती. मी नंतर जाऊन ती घेऊन आले होते आणि विसरूनही गेले होते. आईने पिशवीतून काढून घडी तपासली, फॉलचा टाका ओढून बघितला आणि माझ्या हातात दिली. "ही हातातल्या पर्समध्ये ठेव. मोठ्या बॅगेत नको, बॅगा हरवतात."

माझ्या हिशोबात एक गोष्ट मी शनिवारी धरलीच नव्हती. कॅलगरीकडे जाताना घड्याळ मागे पडतं. शुक्रवारी पहाटे इथून निघालेलं माणूस लंडनला थांबूनही शुक्रवारीच दुपारी तिथे उतरतं. तिकीट मिळालं, माझ्या अंदाजाच्या बरंच वर, पण मिळालं. सुधीरना मी आईच्या गोळ्यांची डबी दाखवली, ऑफिसला कळवलं आणि निघाले. प्रवासाचं विशेष सांगण्यासारखं काही नाही. समोरच्या पडद्यावर नकाशा होता, त्यावर एक बोटभर विमान होतं आणि किती अंतर राहिलं, किती वेळ राहिला ते आकडे बदलत होते. लंडननंतर मी तोच पडदा लावून ठेवला. खिडकीबाहेर ऊन मावळायलाच तयार नव्हतं. खाली पांढरं होतं, बर्फ की ढग ते कळत नव्हतं. हवाई सुंदरीने विचारलं, जेवायला काय घेणार, तर मी दिवस कुठला हे आठवू लागले. मला भीती एकाच गोष्टीची होती, विमानाला उशीर होण्याची. आयुष्यभर मंजूसाठी दारात उभी राहिले, ते आता उलट होऊ नये. कॅलगरीला उतरल्यावर तिथल्या अधिकाऱ्याने पासपोर्ट बघत विचारलं, कुणाकडे राहणार? मी म्हटलं, बहिणीकडे. त्याने शिक्का मारला.

अंत्यविधीची सोय करणाऱ्या तिथल्या संस्थेत घरच्यांना कपडे नेसवू देतात. शनिवारी सकाळी मी आणि ईरा आत गेलो, सुहास बाहेर बसला. खोली स्वच्छ होती, फुलांचा वास नव्हता, औषधाचाही नव्हता. काम करणारी बाई काय हवं-नको ते हळू आवाजात विचारून बाजूला उभी राहिली. मंजूच्या अंगावर पांढरी चादर होती. तिचा हात मी हातात घेतला तर तो पहाटेच्या नळासारखा गार होता. परकर-ब्लाउज ईराने घरून आणला होता. झोपलेल्या माणसाला साडी नेसवता येत नाही, निऱ्या बसत नाहीत. म्हणून मी आधी ती साडी माझ्याच कमरेला, कपड्यांवरून गुंडाळली, निऱ्या घालून घेतल्या, खांद्यावरचा पदर मोजला, सगळीकडे पिना लावल्या आणि तशीच्या तशी उतरवून तिच्यावर ठेवली. एका मापाची बहीण असल्याचा असा उपयोग होतो. त्या बाईने आणि मी मिळून मंजूला कुशीवर केलं, ईराने मागून काठ ओढला. एक निरी लहान आली होती. मी सगळ्या मोडल्या आणि पुन्हा घातल्या. बाहेर लोक जमायला लागल्याचे आवाज येत होते, दारावर कुणीतरी हलकेच टकटक केली, वेळ होत आली होती. मी काही घाई केली नाही.

शेवटची पिन खांद्यावरची. ईराने ती धरली आणि थांबली. "मावशी, तिला टोचेल?"

नाही टोचणार, असं सांगायला मी तोंड उघडलं. मग तिच्या हातातून पिन घेतली आणि नुसत्या कापडातून आडवी घातली, टोक अंगाकडे येणार नाही अशी. घालून झाल्यावर आतून बोट फिरवून बघितलं. कुंकू लावलं, हिरव्या बांगड्या हातात चढेनात, त्या हाताशी ठेवल्या. आईसाठी एक फोटो काढला. आईने तसं सांगितलं नव्हतं, पण मला माहीत होतं ती पहिल्यापासून सगळं विचारणार.

पुढचं सगळं तिथल्या शिस्तीत झालं. लोक रांगेने आले, पाळणाघरातल्या बायका आल्या, दोन मुलं चित्रं काढून घेऊन आली होती. शेवटी दाहिनीचं बटण सुहासने आणि ईराने मिळून दाबलं. मी आठवडाभर राहिले. मंजूच्या कपाटातले कपडे वेगळे केले, फ्रिज रिकामा करून पुसला, ईराला कुकरचं गणित शिकवलं. रडू आलं नाही. लिहिताना आता महिना उलटून गेलाय, अजूनही आलेलं नाही. लोक सांगतात येईल. परत आल्यावर आईला मी फोटो दाखवला, तिने निऱ्या बघितल्या आणि मान हलवली, मग फोटो मोठा करून खांद्यापाशी बराच वेळ बघत राहिली.

कॅलगरीहून निघायच्या दिवशी सकाळपासून बर्फ पडत होता. सुहासच्या गाडीला बर्फातले टायर लावायचे राहून गेले होते, मंजूच्या गाडीला मात्र तिने हिवाळ्याच्या आधीच लावून घेतले होते. ती आणि वेळेआधी, मला खरंच वाटेना. त्यामुळे मला सोडायला आम्ही तिच्या गाडीने निघालो. कामावर मंजू चालतच जायची, आणि ती गेल्यापासून ती गाडी कुणी बाहेर काढली नव्हती. सुहास चांगला सहा फुटी आहे. ड्रायव्हरची सीट मंजूने तिच्या उंचीप्रमाणे अगदी पुढे ओढलेली होती आणि बसायला खाली एक जाड उशी घेतलेली. तो आधी पाय आत घालून मग वाकून बसला. गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना वर आले, डोकं छताला टेकलं. ईरा मागे बसली. काम सोपं होतं. सीटखाली दांडा असतो, तो उचलला की सीट मागे जाते.

"सुहास, सीट मागे घे. पाय आखडतील."

"असू दे, ताई," तो म्हणाला. "विमानतळ जवळ आहे."

जवळ नव्हता. बर्फामुळे तासभर लागला. उतरल्यावर त्याने माझी बॅग काढून दिली आणि एका हाताने गाडीला धरून दोन्ही पाय एकेक करून सरळ केले. मी आत गेले. काचेतून वळून बघितलं तेव्हा तो परत बसत होता, आधी गुडघे, मग मान वाकवून डोकं, हात सीटखालच्या दांड्याला लागणार नाही असा जपून.